आकाराममामांचा उलटा कट

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच कबूल करते. साताऱ्यात माझ्यासाठी स्थळं आणणाऱ्या बायका आईला विचारायच्या, "मुलगी बोलायला कशी आहे हो?" की आई लगेच चहा टाकायला उठायची. आकाराममामांना मी पहिल्याच आठवड्यात जे बोलले, ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

साल शहाण्णव. कराडच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले होते. साध्या लेथ सहा आणि सीएनसी लेथ एक. लेथवर चकच्या पकडीत लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, गरगर फिरतो आणि टूल त्याची साल काढत जातं. साध्या लेथवर ते टूल माणूस हाताने सरकवतो, सीएनसीवर ते प्रोग्रॅमच्या हुकमाने सरकतं. तो प्रोग्रॅम लिहिणारी मी. त्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यापुढे मी अशी ऐटीत बसायचे, की जणू विमानच चालवतेय!

त्या मशीनवर सकाळच्या पाळीला आष्ट्याचा दादासो असायचा आणि दुपारी तीनच्या पाळीला आकाराममामा. मामा पलूसच्या पलीकडच्या खेड्यातले. घरचा ऊस थोरला भाऊ बघायचा. मामा सातवी होऊन अठराव्या वर्षी फौजेत गेले आणि बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात लेथवर उभे राहिले. हवालदार होऊन पेन्शनीवर आले तेव्हा सगळ्या गावाने गृहीत धरलं, की आता हे कुठंतरी वॉचमन होणार. आमच्याकडे तसंच आहे ना! बँकेचं दार घ्या, साखर कारखान्याचं गेट घ्या, कॉलेजचं फाटक घ्या, खाकीतला आमचा फौजी स्टुलावर बसलेला दिसणारच.

"म्याडम," मामा म्हणायचे, "बंदूक म्या वर्सातनं एकदा धरली आसंल. सगळी सर्विस लेथच्या हँडलावर गेली. आन मला गेटवर हुबं करत्यात, व्हय? त्यापरीस घरी बसलेलं बरं."

आमचे मालक मुकुलसाहेब. त्यांनीही आधी गेटचंच विचारलं होतं. मामांनी साध्या लेथवर एक शाफ्ट काढून हातात दिला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मामांना आत घेतलं. तीन वर्षांनी सीएनसी आली, दुसऱ्या पाळीला माणूस मिळेना, म्हणून मामा तिथे. पण साहेबांच्या मनात गेटचा विचार होताच. मामांनाही ते ठाऊक होतं.

आता माझी चूक सांगते. मशीन चालू असताना आत टूल गार ठेवणारं, दुधासारखं पांढरं कूलंट उडत असतं. दाराच्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. एका दुपारी मी बघते, तर मामा दाराला तळवा टेकवून, डोळे मिटून उभे. चेहरा असा शांत, जसं बाळ नुकतंच निजलंय. मी म्हटलं, "मामा, झोपायचंच असेल तर गेटवर स्टूल रिकामं आहे."

त्यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. म्हणाले, "झोपलो न्हाई म्याडम. आत बघतुया. डोळं मिटलं की टूल दिसतंय." आणि परत डोळे मिटले. मी तिथून निघून गेले, पण मनात म्हटलं, भलतंच काहीतरी!

तीनचा तो सुमार फार विचित्र असायचा. एक पाळी सुटायची, दुसरी लागायची, मधली दहा मिनिटं मशीन बंद. पत्र्यातल्या काचेतून उन्हाची तिरीप खाली यायची, तिच्यात तेलाची वाफ तरंगायची. बाहेर अजिंक्यतारा उन्हात धुरकट दिसायचा. त्या दहा मिनिटांत मामा मला आपली स्वप्नं सांगायचे. खरंच सांगते, त्यांना स्वप्नं लेथचीच पडायची. कधी लोखंडाची साल पंजाबातल्या कुठल्याशा कालव्यात पडून वाहत जायची, कधी शाफ्ट इतका लांब असायचा की टूल पलूसहून निघून मिरजेपर्यंत जायचं. मी हसायचे, पण ऐकायचे. त्यांचं सांगणं ऐकता ऐकता मलाही गुंगी यायची.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. साध्या लेथना झेंडूचे हार घातले की झालं. पण मामा फौजेतले. तिकडे शस्त्रपूजनाला एकेक हत्यार खोलून, पुसून मांडायचं. मामांनी सीएनसीची आठही टूल मशीनमधून काढली, रॉकेलने धुतली, पाटावर लाल कापड घालून ओळीने मांडली. प्रत्येकाला हळदकुंकू, एकेक फूल. मुकुलसाहेबांनी नारळ फोडला. सगळ्यांना पेढा मिळाला. इतकी देखणी पूजा त्या शेडमध्ये कधी झाली नव्हती, असं जुनी माणसंसुद्धा म्हणाली.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर मामांनी टूल परत बसवली. आणि तिथेच घोळ झाला. एक नंबरचं टूल म्हणजे जाड साल काढणारं, त्याच्या जागी पाच नंबरचं बसलं आणि पाचच्या जागी एक. पाच नंबरचं टूल तिरकं, फक्त टोकाची धार मारायला ठेवलेलं. दांडे दोन्हींचे सारखे. फूल वाहताना इकडचं तिकडे झालं होतं.

मशीन सुरू केलं तेव्हा मी शेजारीच होते. एक नंबरच्या जागेवरचं ते तिरकं टूल आलं, जॉबला लागलं आणि आवाज बदलला. रोज कट चालू असताना एक करकर असायची, दातात खडा आल्यासारखी. ती नाहीच! नुसता जड, मऊ आवाज, जाड कापड फाडावं तसा. मामांनी तळवा दारावर ठेवला होता. त्यांनी डोळे मोठ्ठे केले आणि माझ्याकडे बघितलं. मशीन थांबवायला हवं होतं, पण त्या आवाजाने आम्ही दोघंही खुळ्यासारखे उभे राहिलो.

मग पाचच्या जागेवरचं जाड टूल आलं आणि धाडकन आदळलं. टूलचा तुकडा उडाला, दांडा चिरला, शाफ्ट वाया गेला.

मुकुलसाहेब केबिनमधून धावत आले. ते आरडाओरडा करत नाहीत, त्याचंच जास्त भय वाटतं. मोडकं टूल हातात घेऊन म्हणाले, "मामा, तुमचा मान ठेवून सांगतो. दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर गेटवर तुमच्यासारखा माणूस मला हवाच आहे."

मामा सावधान उभे होते. "व्हय साहेब," एवढंच म्हणाले.  आवाज मीही ऐकला होता, पण एक शब्द बोलले नाही. मोठी फटकळ म्हणे!

दुसऱ्या दिवशी तीनला मामा आले ते तडक माझ्या टेबलाशी. "म्याडम, त्ये तिरकं टूल लय सुखानं चाललं व्हतं. साल पातळ पडत हुती. साल पातळ पडली म्हंजी टूलवर वजं कमी. वजं कमी हाय तर चाल वाढवाया काय हरकत हाय?"

मी पुस्तक काढलं. बोलणं चूक नव्हतं. टूलची धार जॉबवर जितकी आडवी, तितकी तीच साल रुंद आणि पातळ होते. म्हणजे फीड, दर फेऱ्याला टूल जितकं पुढे सरकतं ते, वाढवता येईल. आमचं फीड होतं शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर. दुप्पट तरी सहज जाईल. पण मला अडचणही दिसली. शाफ्ट एका टोकाशी एकदम जाड व्हायचा, त्या पायरीला आम्ही खांदा म्हणतो. "मामा, शाफ्टला चकच्या बाजूला खांदा आहे. तिरकं टूल पुढे जात जात त्या खांद्याला भिडलं, की अख्खी धार एकदम रुतणार. तुकडे होतील."

मामा मशीनकडे निघून गेले.  पाचव्या दिवशी परत माझ्या टेबलाशी आले तेव्हा चेहऱ्यावर असं हसू, की मला वाटलं लॉटरीच लागली.

"काल दुपारी डोळा लागला व्हता. सपनात आमचा उसाचा फड दिसला. बैलगाडी फडात चाललीया. रिकामी. आत बांधापतूर ग्येली, तिथं ऊस भरला आन भरून भाईर आली. आवं म्याडम, भरल्याली गाडी घिऊन कुणी बांधाकडं जातं का? आपलं टूल भरून आत जातंय आन रिकामं भाईर येतंय. उलटं करा की!"

 जगात सगळे लेथवाले टूल बाहेरून आत, चककडे नेतात. मी शिकले तेच, पुस्तकात तेच. आमच्या प्रोग्रॅममध्ये कटाची प्रत्येक ओळ झेड वजा, म्हणजे चकच्या दिशेने. मामा म्हणत होते झेड अधिक. टूल रिकामं झपकन खांद्यापाशी जाईल, तिथे जॉबला लागेल आणि कापत कापत मोकळ्या बाजूला येईल. खांद्याला भिडायचा प्रश्नच नाही.

"आणि बाहेर ओढताना जॉबच चकमधून निसटला तर?"

"पुढनं सेंटरचा टेकू हाय न्हवं? त्येच्यावरच दाबला जाईल. कुटं पळतुया?"

टूलरूममध्ये मामांनी स्वतःच्या हाताने टूलचा नवा दांडा केला. त्यात धार आणखी आडवी, जॉबवर जवळजवळ निजलेली. मी प्रोग्रॅम लिहिला. झेड अधिक लिहिताना तीनदा खोडलं, इतकी हाताला सवय नव्हती. दादासो कुठल्याही फौजीला मेजरच म्हणायचा. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, "मेजर, ही गाडी रिव्हर्समदी घालताय व्हय? मी जरा लांबच हुबा ऱ्हातो गड्या!" आणि खरंच खांबाआड जाऊन उभा राहिला.

दिवाळीला सहा दिवस राहिले होते. मुकुलसाहेब हाताची घडी घालून उभे. मामांनी बटण दाबलं, तळवा दारावर ठेवला आणि डोळे मिटले. टूल आत गेलं, खांद्याशी लागलं, आणि तोच आवाज आला. जड, मऊ. मामा डोळे न उघडता म्हणाले, "वाढवा." मी फीडचं बटण फिरवलं. "आजून." शून्य पूर्णांक आठपर्यंत गेलो.  साल रुंद, पातळ पट्ट्यांनी मोकळ्या बाजूला पडत होती, चकला एकही गुंडाळली नाही. दार उघडलं तेव्हा वाफ बाहेर आली आणि आत शाफ्ट उन्हाच्या तिरिपेत ओला चमकत होता. नऊ मिनिटांचा जॉब साडेपाच मिनिटांत!

मुकुलसाहेबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. दादासोने खांबाआडून शिट्टी मारली. मला त्या दिवशी घरी जाताना रस्ता असा नव्हताच, मी तरंगतच गेले.

आणि त्याच तरंगण्यात मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी एक छान तक्ता काढला. आधी एका पाळीत पन्नास शाफ्ट, आता ऐंशी. लाल शाईने खाली रेघ मारली, "प्रोग्रॅम: क्षमा" असं माझं नाव लिहिलं आणि साहेबांना नेऊन दिला. शाबासकी मिळाली. ऑर्डर रोज ऐंशी शाफ्टचीच होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. साहेबांच्या आलं. ऐंशी जर एकाच पाळीत होत असतील तर दुसरी पाळी कशाला?

भाऊबीज झाली आणि सीएनसीची दुसरी पाळी बंद झाली. दादासो आयटीआय झालेला, प्रोग्रॅम वाचू शकणारा. तो राहिला. साध्या लेथवरची सगळी माणसं जुनी, तिथेही जागा नाही. मामांना गेट मिळालं.

मी साहेबांपुढे जाऊन भांडायला हवं होतं. गेलेही. पण दारातूनच "काही नाही सर" म्हणून परत फिरले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मामांनी तक्रार केली नाही. "म्याडम, साहेबाचं बराबर हाय," म्हणाले. पण साताऱ्यातल्या खोलीवर बायकोला, राहीबाईंना, त्यांनी सांगितलं नाही. राहीबाई शेजारपाजारच्या फौजींच्या बायकांत ताठ मानेने सांगायच्या, "आमचं मालक लेथवर हायती." म्हणून मामा घरून वर्कशॉपचा निळा शर्ट घालून यायचे आणि गेटच्या खोलीत वरून खाकी चढवायचे. संध्याकाळी खाकी खिळ्याला, निळा अंगावर.

थंडीत एक दिवस मामा डबा विसरले. राहीबाई तो घेऊन कारखान्यावर आल्या. मी चहाला बाहेर आले होते. मामा एका ट्रकला फाटक उघडून देत होते, ड्रायव्हर त्यांच्यावर काहीतरी खेकसत होता. राहीबाई रस्त्यापलीकडे उभ्या राहून सगळं बघत होत्या. ट्रक आत गेल्यावर त्या आल्या, डबा दिला, पदर सावरला आणि "येते" म्हणून गेल्या. मामा डबा छातीशी धरून किती तरी वेळ तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "रागावल्या का हो?"

"न्हाई. दोन्ही शर्ट धुतलं, इस्त्री केली. खाकी खाली ठेवली, निळा वर." मामांनी मान फिरवली. मग हळूच म्हणाले, "म्हणाली, निळा सोडू नगा."

त्या दिवसापासून मी दुपारची सुट्टी गेटवर काढू लागले. एका स्टुलावर मामा, एका खोक्यावर मी. मी प्रोग्रॅम शिकवायचे. लिहायला दुसरा कागद नव्हता म्हणून गेटचीच वही घेतली. पुढच्या बाजूने गाड्यांचे नंबर, वेळ, माल, कुणाकडे. मागच्या बाजूने आमचे धडे. इंग्रजी अक्षरांशी मामांचं जमायचं नाही, मग ते मराठीतच लिहायचे: "जी शून्य, झेड उणे तीनशे ऐंशी. जी एक, झेड अधिक पाच, एफ शून्य पूर्णांक आठ." जी शून्य म्हणजे रिकामं पळणं, जी एक म्हणजे कापत येणं, एफ म्हणजे फीड. ऊन अंगावर यायचं, शेडमधून मशीनचा आवाज यायचा, आणि मामा लिहिता लिहिता डोळे मिटायचे. "एकूणचाळीस," म्हणायचे. सकाळपासूनचे शाफ्ट. मी आत जाऊन मोजायचे, तर एकोणचाळीसच! कधी म्हणायचे, "दादासोनं टूल बदलाया पायजेल, घासलंय." मी दादासोला सांगायचे, तो टूल काढून बघायचा आणि कपाळाला हात लावायचा.

उन्हाळा असा गेला. जुलैत मुकुलसाहेबांना एका स्टीलच्या ट्रकची तारीख हवी होती. ते गेटवर आले आणि वही उचलली. उचलली ती उलटी. मी खिडकीतून बघत होते. साहेब वाचत उभे राहिले, मग स्टुलावर बसले. पानं उलटत गेले. मामा सावधान. अर्धा तास तरी झाला असेल.

साहेबांनी मला बोलावलं. एका पानावर बोट ठेवून विचारलं, "हे बुशचं. या पोकळ नळीच्या भोकातला कटसुद्धा बाहेर ओढायचा, असं लिहिलंय. हा तुमचा प्रोग्रॅम?"

"नाही सर," मी म्हटलं. "मामांचा. आणि दिवाळीचाही मामांचाच होता. कल्पना त्यांची, दांडा त्यांचा. मी फक्त झेडच्या पुढे अधिक लिहिलं आणि खाली माझं नाव टाकलं. ते मी खोटं केलं." या वेळी मी परत फिरले नाही.

साहेब वही मामांच्या हातात देऊन आत गेले. दुसऱ्या दिवसापासून बुशला मामांचा कट लागला, मी कागदावर "प्रोग्रॅम: आकाराम" असं ठसठशीत लिहिलं. पण मामा गेटवरच होते. काम वाढलं होतं, नवी मशीन येणार अशी कुजबुज होती. दादासो म्हणायचा, आयटीआयचं कुणीतरी ठरलंय. मामा ते ऐकायचे आणि वहीत मान घालायचे. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी मला स्वप्न सांगायचं बंद केलं होतं.

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला ताडपत्रीत गुंडाळलेली मशीन घेऊन ट्रेलर फाटकाशी आला, मागे क्रेन. आम्ही सगळे बाहेर आलो. मामांनी फाटक उघडायच्या आधी नेमाप्रमाणे वही घेतली. ट्रेलरचा नंबर लिहिला. वेळ, तीन वाजून पाच. माल, सीएनसी लेथ, नग एक. मग शेवटचा रकाना आला, "कुणाकडे". तिथे ते नेहमी साहेब नाहीतर स्टोअर लिहायचे. त्यांनी "सा" काढला होता, तेवढ्यात मुकुलसाहेबांनी हातातून पेन घेतलं. "सा" खोडला आणि पुढे सावकाश लिहिलं, "आकाराम".

मामांनी वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं, मी जोरजोरात मान हलवली.

त्यांनी वही मिटली, स्टुलावर ठेवली. मग तिथेच, सगळ्यांच्या समोर, खाकीची बटणं सोडली. एकेक, घाई न करता. खाकी काढून खिळ्याला टांगली. आत निळा शर्ट होता, कडक इस्त्रीचा. त्यांनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि ट्रेलरच्या पुढे चालता चालता क्रेनवाल्याला ओरडून म्हणाले, "सावकाश रं गड्या, सावकाश!"